उभी कोण राहिली?

भुताखेतांनी रात्री बाराच्या पुढे यावं असा रिवाज आहे. या गोष्टीत जे काही होतं ते संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान यायचं, कारण थोरली जाऊ तेवढा वेळच एका जागी बसलेली असायची. एरवी तिला बसायला फुरसत कुठली.

घर दोन भावांचं, गाई एकतीस. थोरला भाऊ पहाटे दुधाची गाडी घेऊन जायचा तो दुपारी उगवायचा. धाकटा चारापाणी आणि मशिनं बघायचा. धारा धाकट्या जावेकडे. आणि थोरलीकडे, इतर सतरा कामांच्या जोडीला, बघायचं काम होतं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला गोठ्यामागच्या मोकळ्या आवारात जायचं, कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसायचं, मांडीवर वही घ्यायची आणि अर्धा तास गाईंकडे नुसतं बघत राहायचं. हाकायचं नाही, हाक मारायची नाही, भाजी निवडायची नाही. "वहिनी बसल्या सिनेमाला," असं दीर म्हणायचा. पण त्या अर्ध्या तासावर गोठ्याचं पुढचं वर्ष उभं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. गाय माजावर आलेली वेळेत कळली नाही, तर ती भरवली जात नाही; भरवली नाही तर गाभण नाही; गाभण नाही तर वासरू नाही आणि दूधही नाही.

माजावर आलेली गाय कशी ओळखायची, तर दुसऱ्या गाई तिच्या पाठीवर चढतात आणि ती हलत नाही, गप उभी राहते. नवख्या माणसाला वाटतं, जी चढतेय तीच माजावर आहे. तसं नसतं. चढणाऱ्या हौशी पुष्कळ असतात. जी उभी राहते तीच खरी. म्हणून वहीत दोन रकाने होते, 'चढली' आणि 'उभी राहिली', आणि गुरांच्या डॉक्टरांना फोन जायचा तो दुसऱ्या रकान्यातल्या नंबरासाठी.

थंडी सरत आली होती तेव्हाची ही गोष्ट. त्या संध्याकाळी थोरली बसली होती ती बाईसाहेबांसाठी. बाईसाहेब म्हणजे सव्वा वर्षाची करडी कालवड. बाकीच्या गाई बाजूला झाल्याशिवाय पाण्याच्या हौदाला तोंड लावायची नाही, म्हणून दिरानं ठेवलेलं नाव. ती पहिल्यांदा माजावर कधी येते त्यावर थोरलीची नजर होती. उजेड राखेच्या रंगाचा झाला होता. ओल्या शेणाचा आणि चघळलेल्या चाऱ्याचा वास नाकात बसलेला. बहुतेक गाई रवंथ करत होत्या, आणि तो संथ कचकच आवाज सोडला तर आवारात काही ऐकू येत नव्हतं.

मागच्या भिंतीजवळ चौदा नंबर उभी होती. मोठी दांडगी गाय, चढायची हौस तिला सगळ्यांत जास्त. तिनं मान पुढे केली, पुढचे दोन पाय उचलले आणि ती चढली.

चढली, पण कुणावर?

गाय मागच्या पायांवर क्षणभर उभी राहू शकते, हे थोरलीनं शंभरदा पाहिलं होतं. पण चौदा नंबर तशी उभी नव्हती. ती टेकली होती. तिची हनुवटी टेकलेली होती, पुढचे पाय दोन्ही बाजूंना सैल लोंबत होते, छातीखालची कातडी कशावर तरी दाबून सपाट झाली होती. आणि खाली काहीच नव्हतं. खालून पलीकडची भिंत दिसत होती. भिंतीवरची ओलसुद्धा दिसत होती.

थोरलीनं सवयीनं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग चौदा नंबर मागे घसरली, एखाद्या गाईच्या पाठीवरून घसरतात तशीच, हळूच. खाली आल्यावर तिनं नाक पुढे करून हवा हुंगली, वरचा ओठ वर ओढला आणि रवंथ करायला लागली.

थोरलीनं वहीत लिहिलं, चढली, १४. मग पेन दुसऱ्या रकान्यावर आलं आणि तिथेच थांबलं. तो रकाना तिनं कोरा सोडला.

ती जागा तिच्या चांगलीच ओळखीची होती. तीनच महिन्यांपूर्वी, त्याच भिंतीशी, भुरी गेली होती.

भुरी म्हणजे बाईसाहेबांची आई. ती मेली ती वहीपायी, आणि वही थोरलीच्या हातची. झालं होतं असं: भुरी भरवली, आणि त्यानंतर एकवीस दिवसांनी थोरलीनं तिला पुन्हा 'उभी राहिली'च्या रकान्यात लिहिलं. गाई माजावर येतात त्या एकवीस दिवसांनी, तेव्हा भरवलेली गाय एकवीस दिवसांनी परत माजावर आली की ती उलटली, पहिलं भरवणं फुकट गेलं, असं धरतात. पण त्या संध्याकाळी भुरी उभी राहिली नव्हती, ती दुसरीवर चढली होती. थोरलीला झापड आली होती, रात्रभर सासूच्या आजारपणात जागरण झालं होतं, आणि तिनं नंबर चुकीच्या रकान्यात टाकला. डॉक्टरांनी गाय पुन्हा भरवली. पहिली तारीख खोडून दुसरी घातली गेली. खरं तर भुरी पहिल्याच वेळी गाभण राहिली होती. म्हणजे तिचे दिवस वहीपेक्षा तीन आठवडे आधी भरत होते.

ते भरत आले तेव्हा थोरलीला दिसत होतं. कास भरली होती, शेपटीजवळचे स्नायू सैल पडले होते. "भुरीचं लक्षण जवळचं दिसतंय," असं ती दिराला बोललीसुद्धा होती. त्यानं वही बघून सांगितलं, अजून वीस दिवस. तिनंही मान हलवली. डोळ्यांनी बघायचं काम जिचं, तिनंच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. दोन दिवसांनी दाट धुक्यात भुरी आवारातच अडली. वासरू उलटं होतं. थोरली सकाळी सहाला वही घेऊन गेली तेव्हा दोघंही गार झालेली होती. त्यानंतर कुणी तिला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

एकवीस दिवस तिनं मनातल्या मनात मोजले. एकविसाव्या संध्याकाळी चौदा नंबर पुन्हा भिंतीशी गेली आणि पुन्हा हवेवर टेकली.

मग मात्र थोरलीला पोटात ठेववेना. धाकटी दुधाच्या खोलीत कॅन धूत होती. थोरलीनं दार लोटून घेतलं.

"तुला एक सांगायचंय. हसायचं नाही."

"मी कधी हसते?" दिवसातून चाळीस वेळा हसणारी धाकटी म्हणाली.

थोरलीनं सांगितलं. धाकटी हसली नाही. कॅनमधलं पाणी तिनं एकदा फिरवलं, ओतलं, पुन्हा भरलं.

"कुठं म्हणालात?"

"मागच्या भिंतीशी."

"म्हणजे... भुरीच्या जागेवर."

"हो."

"दादांना बोललात?"

"त्यांना काय सांगू? म्हणतील, हिचं डोकं फिरलंय, बघायचं काम धाकटीला द्या."

"मला नको," धाकटी लगेच म्हणाली. मग कॅन पालथा घालून म्हणाली, "पुढचं कधी?"

"एकवीस दिवसांनी. गाईसारखंच येतंय."

त्या दिवशी एका क्रेटच्या जागी दोन क्रेट पालथे पडले. दिरानं सिनेमाची गर्दी वाढल्याचं सांगून घेतलं आणि तो चारा कापायला गेला. सव्वासहाच्या सुमारास बाईसाहेब आवाराच्या मध्यातून चालत भिंतीपाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. पाच नंबर त्यांच्यावर चढली, त्या हलल्या नाहीत. थोरली इतके दिवस जिची वाट बघत होती ती गोष्ट झाली होती. पण दोघींचं लक्ष तिकडे नव्हतं. बाईसाहेबांच्या शेजारी, हातभर अंतरावर, चौदा नंबर हनुवटी टेकून लोंबत होती, आणि तिच्याखालून भिंत दिसत होती.

धाकटीनं थोरलीचं मनगट धरलं ते पुरतं वळ उठेपर्यंत. चौदा नंबर खाली उतरल्यावरच तिला आवाज फुटला.

"ताई... दोघींना भरवायला सांगायचं का?"

दोघी हसल्या. भीतीचं हसू होतं ते, थांबायला वेळ लागला.

डॉक्टरांना फोन धाकटीनं केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, त्यांनी बाईसाहेबांना भरवलं, आणि हातमोजा काढता काढता विचारलं, "दुसरी कुठली?"

"दुसरी कोण?" थोरली म्हणाली.

"फोनवर दोन सांगितल्यात ना? मी दोन कांड्या वितळवून बसलोय."

धाकटीचा चेहरा पांढरा झाला. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून बोलायचं नसतं तेच निघतं. तिनं खरोखरच दोन सांगितल्या होत्या. वीर्याची गोठवलेली कांडी एकदा वितळली की परत गोठवता येत नाही, डॉक्टर जरा वैतागले. दुसरी कांडी त्यांनी नळीत भरून तयार ठेवलेली, नळी मागच्या भिंतीवर आडवी ठेवलेली. हात धुऊन ते ती आणायला गेले आणि उजेडात धरून बघत राहिले. कांडी रिकामी होती.

"गळाली वाटतं," ते म्हणाले. भिंतीवर थेंबभर ओल नव्हती. नळी पुसून त्यांनी पेटीत घातली आणि ते चहा घेऊन गेले.

पुढचे एकवीस दिवस झाले. बावीस झाले, तेवीस झाले. बाईसाहेब माजावर आल्या नाहीत. म्हणजे त्या गाभण राहिल्या. आणि चौदा नंबर भिंतीकडे फिरकलीसुद्धा नाही. गोठ्यात जन्म गेलेल्या बायकांना त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे तीपण..." धाकटी म्हणाली.

"गप बस."

"दोघींचे दिवस एकदमच भरणार, ताई."

थोरलीला भीती होती ती याचीच. भुताला ती भ्यायली नसती. भुरीला तिनं स्वतःच्या हातांनी बाटलीनं पाजून वाढवलं होतं. पण भुरीचं वासरू भुरीच्या पोटात गेलं होतं, आणि ते कुणामुळे, हे त्या दोघींना माहीत होतं, भुरीला आणि थोरलीला. आता भुरी आपल्या लेकीच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. कशासाठी? गेलं ते भरून घ्यायला. बाईसाहेबांना आणि त्यांच्या वासराला बरोबर न्यायला. थोरलीच्या मनानं हे एकदा घेतलं आणि मग ते निघेना. बाईसाहेब आणि वासरू जगली पाहिजेत, एवढं एकच तिला हवं होतं. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. थोरली तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. नऊ महिन्यांत तिनं सकाळसंध्याकाळची एकही बैठक चुकवली नाही, तापातसुद्धा.

बघण्यासारखं होतंही. गव्हाणीवर एकतीस गाई ओळीनं उभ्या राहायच्या, आणि बाईसाहेबांच्या डाव्या बाजूला एक जागा मोकळी सुटायची. कुणी तिथं शिरायचं नाही. चौदा नंबरसुद्धा वळसा घालून जायची. सुरुवातीला ती फट साध्या गाईएवढी होती. पावसाळा संपेपर्यंत ती वीतभर रुंदावली. त्यानंतर आणखी वीतभर. पोटुशी गाय रुंदावते तशीच. दीर म्हणायचा, "गव्हाण आखूड पडायला लागली, वाढवायला हवी." धाकटी त्या फटीतही चारा टाकायची. तो खाल्ल्यासारखा दिसायचा नाही, पण सकाळी तिथला चारा कोमट लागायचा. धाकटीनं हे थोरलीला एकदाच सांगितलं, आणि थोरलीनं त्यावर एकदाच हात ठेवून बघितला.

शेवटच्या महिन्यात बाईसाहेबांना बाळंतखोलीत हलवलं. गोठ्याच्या टोकाला भिंतींनी आडोसा केलेली, गुडघाभर पेंढा घातलेली जागा ती. त्याच दिवशी गव्हाणीवरची फट बुजली. एकवीस नंबर आणि सत्तावीस नंबर अंगाला अंग लावून उभ्या राहिल्या. थोरली बाळंतखोलीत गेली. बाईसाहेब एका कडेला बसल्या होत्या. दुसऱ्या कडेचा पेंढाही दबलेला होता.

गाईला चारा उशिरा संध्याकाळी टाकला की ती बहुतेक दिवसा विते, असं डॉक्टर सांगायचे. म्हणून थोरली रोज रात्रीचं जेवण झाल्यावरच बाईसाहेबांपुढे चारा टाकायची. अंधारात काही होऊ नये, एवढीच इच्छा. तो उपाय लागू पडला. बाईसाहेब अडल्या त्या सकाळी नऊ वाजता. पण बाहेर असं धुकं होतं की सकाळचे नऊ काय आणि रात्रीचे काय. थोरला गाडीवर गेलेला. फोनवर डॉक्टर म्हणाले, "रस्ता दिसत नाहीये, हळूहळू येतोय." दीर त्यांना आणायला फाट्यापर्यंत गेला.

थोरली आडोशामागे उभी राहून बघत होती, कारण समोर उभं राहिलं की गाय कळ आवरून धरते. पाणमोट फुटली. दोन खुरं दिसली. खुरांचे तळवे वर होते.

"धाकटे," थोरली म्हणाली. आवाज तिच्याच कानाला परका वाटला. "मागचे पाय आहेत. उलटं आहे."

"डॉक्टर येईपर्यंत..."

"तोवर थांबता यायचं नाही. दोरी आण. साबणाचं पाणी आण."

उलट्या वासराचं एक असतं. कंबर बाहेर आली की नाळ आत दाबली जाते. वासराला मग श्वास हवा होतो आणि डोकं तर अजून आत, पाण्यात. तिथून पुढे उसंत नाही. थोरलीनं दोन्ही पायांना दोरी बांधली, सांध्याच्या वर. कळ आली की दोघी ओढायच्या, कळ गेली की सैल सोडायच्या. बाईसाहेब हंबरत नव्हत्या, नुसत्या कण्हत होत्या. पेंढ्यातून गरम, खारट वास येत होता. कंबर बाहेर आली तशी थोरली म्हणाली, "आता थांबायचं नाही," आणि दोघी भिंतीला पाय लावून मागे पडेपर्यंत ओढत राहिल्या. वासरू भसकन बाहेर आलं.

ते हलेना.

थोरलीनं नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला. नाकपुडीत काडी फिरवली. छाती चोळली. कानात गार पाणी ओतलं. दोन्ही पाय धरून उलटं केलं, तोंडातून पाणी गळलं, पुन्हा आडवं ठेवलं, पुन्हा चोळलं. जीभ निळी पडली होती. बाईसाहेब आडव्या पडल्या होत्या, पहिलटकरीण, पार थकलेली. त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

"ताई..."

थोरली चोळतच होती. ती रडतेय हे तिला कळत नव्हतं. "नेलं तिनं," ती म्हणत होती. "शेवटी नेलंच."

"ताई, बाजूला व्हा."

"काय?"

"बाजूला व्हा म्हणते... बघा तिकडे."

धाकटीच्या आवाजात काहीतरी होतं. थोरली गुडघ्यांवरच मागे सरकली.

वासराच्या कुशीवरचे केस ओले, चप्प बसलेले होते. त्यातला एक पट्टा उभा राहिला. तळहाताएवढा रुंद, पोटाकडून पाठीकडे, लवेच्या उलट दिशेनं. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. आणि आवाज येत होता, खरबरीत जीभ ओल्या कातडीवरून फिरते त्याचा. गोठ्यात वाढलेल्या माणसाला तो झोपेतही ओळखता येतो. प्रत्येक फटकाऱ्याबरोबर वासराचं अंग पेंढ्यावर थोडं सरकत होतं आणि परत येत होतं. त्याच्या डोक्यावर हवेत वाफ दिसत होती. थंडीत गाईच्या नाकातून येते तशी, एक झोत, एक थांबा, एक झोत.

पट्टे मानेपर्यंत आले. मग वासराचं डोकं नाकापासून कपाळापर्यंत वर उचललं गेलं आणि खाली पडलं. पुन्हा उचललं गेलं, पुन्हा पडलं. पाचव्या का सहाव्या वेळी वासरू शिंकलं. पाण्याची पिचकारी पेंढ्यावर उडाली, बरगड्या वर आल्या, खाली गेल्या, आणि मग त्या वर-खाली होतच राहिल्या.

थोरलीचा जीव भांड्यात पडला, तो इतक्या जोरात पडला की तिनं भिंत धरली. ती रडली, मोठ्यानं, लाज न बाळगता. वासराशेजारच्या रिकाम्या हवेकडे बघून ती म्हणाली, "चुकले गं मी. तुझी कास भरलेली मला दिसत होती. मला दिसत होतं."

जिभेचा आवाज थांबला नाही. तो घाईत नव्हता.

थोड्या वेळानं बाईसाहेबांनी मान उचलली, मागे बघितलं आणि घोगरं हंबरल्या. वासरानं कान हलवला. थोरलीनं त्याचे मागचे पाय फाकवून बघितलं. कालवड होती.

डॉक्टर आले तेव्हा कालवड अडखळत उभी होती. त्यांनी तपासलं आणि ते खूश झाले. "उलटं असून दोघींनी काढलंत, शाब्बास. अंगही काय सुरेख कोरडं केलंय. आईनं चाटलं?"

"आईच्या आईनं," धाकटी म्हणाली. थोरलीनं तिला कोपर मारलं. डॉक्टरांना ती चेष्टा वाटली.

त्यांनी बाईसाहेबांना सुई दिली, आंबोण खायला घालायला सांगितलं, कास दाबून बघितली. "चारी सडं अजून बंद आहेत. मेणासारखा खडा निघालेला नाही कुठल्याच सडातून. म्हणजे हिनं अजून पाजलं नाहीये." मग कालवडीचं पोट चाचपलं आणि ते चक्रावले. पोट टम्म होतं. ओठांच्या कडेला पिवळा, दाट फेस होता. पहिल्या दिवसाच्या चिकाला असतो तसा. "हिला काय पाजलंत?"

"दुसऱ्या गाईचा चीक," धाकटी म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

"चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या तासात चीक पोटात गेला की वासरू तरलं."

दुपारपर्यंत धुकं उठलं. थोरला आला, त्यानं कालवड बघितली आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. दीर म्हणाला, "वहिनी, आज सिनेमाला सुट्टी घ्या." त्या दिवशी घरात कित्येक महिन्यांनी मोकळं हसणं झालं. थोरली जेवली, आणि जेवल्यावर भिंतीला टेकून पंधरा मिनिटं झोपली. तिला झोप लागली याचंच धाकटीला नवल वाटलं.

संध्याकाळी चीक काढायचा होता. आता सडं मोकळी करायला हवी होती, नाहीतर कास दुखते. थोरली बादली घेऊन बाळंतखोलीत गेली. एकटीच गेली, तिला भीती वाटत नव्हती. कालवड पेंढ्यात मुटकुळं करून गाढ झोपली होती, भिंतीच्या कडेला, बाईसाहेबांपासून चार हात लांब. पोट तसंच टम्म.

बाईसाहेब उभ्या होत्या. त्यांनी मागचे पाय जरा फाकवले होते आणि मान वळवून त्या स्वतःच्या पोटाखाली बघत होत्या. अगदी शांत, पुरत्या निवलेल्या. लेकराला पाजणाऱ्या गाईची नजर असते ती. त्यांच्या पोटाखाली काही नव्हतं.

थोरली वाकली आणि तिचा हात अर्ध्यावर थांबला. डाव्या बाजूचं पुढचं सड ओलं होतं. मेणाचा खडा पेंढ्यात पडला होता. ते सड लांब ओढलं गेलं होतं, तसंच ताणून राहिलं होतं, आणि त्याच्या टोकाशी हवेत फेसाचा एक बारका बुडबुडा फुटला. मग पूर्ण कास खालून वर एकदा हिसकली. भुकेलं वासरू ढुशी मारतं तशी. आणि लगेच दुसऱ्यांदा, आणखी जोरानं.

बाईसाहेबांनी पान्हा सोडला.

थोरलीनं हात मागे घेतला. बादली तिनं आवाज न करता पेंढ्यावर ठेवली, आणि भुरीचं ते वासरू पिऊन होईपर्यंत ती दारात थांबून राहिली.